पश्चिमेला तोंड केलं की

होकायंत्राजवळ कोणी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलं, की मामांचं डोकं फिरायचं. मग समोर बोटीचा मालक असो, बंदरातला मोठा साहेब असो, नाहीतर साहेबांचे सासरे. "आधी ते लोखंड बाहेर!" असं ओरडून मामा लाकडी ट्रे पुढे करायचे आणि सगळ्यांनी निमूटपणे खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, चाकू, घड्याळ, मोबाईल. मोबाईलवर तर त्यांचा खास राग. "त्याच्या पोटात चुंबक असतो, चुंबक! त्याशिवाय का बडबडतो तो?" ट्रे भरला की मामा स्वतः तो उचलून लांब, पार बोटीच्या शेपटाला नेऊन ठेवायचे. त्यानंतरच होकायंत्राच्या डबीवरचं झाकण काढायचे.

लोकांना वाटतं, होकायंत्र म्हणजे काय, उत्तर दाखवणारं यंत्र. आणून ठेवलं की झालं. अहो, झालं कसं? बोटीचं इंजिन लोखंडी, नांगर लोखंडी, साखळी लोखंडी. ही सगळी मंडळी होकायंत्रातल्या बिचाऱ्या फिरत्या तबकडीला आपापल्याकडे ओढत असतात. मग बोट भर पाण्यात न्यायची, सगळ्या दिशांना तोंड करून गोल फिरवायची, किनाऱ्यावरच्या ठरलेल्या खुणांशी ताडून बघायचं, आणि यंत्राखालच्या खणात चुंबकाच्या कांड्या अशा बेताने सरकवायच्या, की बोटीची ओढ आणि कांड्यांची ओढ एकमेकींना खाऊन टाकतील. मग तबकडी मोकळी होते आणि खरं बोलते. हेच मामांचं काम. या कामापायी त्यांचं लग्न करायचं राहून गेलं, असं ते म्हणत. बाकीचे म्हणत, त्यांच्या रागापायी.

कुठली वस्तू चुंबकाशी कशी वागते, हे त्यांना पै-पाहुण्यांच्या स्वभावासारखं पाठ. लोखंड म्हणजे बोलावण्याआधी हजर. त्यातही मऊ लोखंड, चुंबक जवळ आहे तोवर त्याचं, दूर गेला की विसरलं. पोलादाचं तसं नाही, त्याने एकदा मनात धरलं की धरलं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांना चुंबकाचं काही सोयरसुतक नाही. स्टेनलेस स्टील महाबिलंदर: डब्याच्या सपाट अंगावरून चुंबक घसरून पडतो, पण त्याच डब्याची कड जिथे ठोकून वळवलेली असते, तिथे हळूच चिकटतो. आणि बिस्मथ नावाचा एक चमकदार धातू असतो, तो तर चुंबकापासून चक्क लांब सरकतो, केसभरच, पण सरकतो. त्याचा एक खडा मामांकडे दोऱ्याला टांगलेला होता. भाची लहान असताना हट्टाला पेटली की मामा तिला तो खडा दाखवायचे. "बघ, हा तुझ्याहून रुसका." मग ती हसायची. तिला सगळे चिंगी म्हणायचे. ती आता स्वतः लाँच चालवण्याचा परवाना काढून बसली होती, तरी चिंगीच.

चिंगी म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली. मागे राहिले चिंगी आणि तिचे वडील, म्हणजे मामांचे दाजी. दाजींची स्वतःची लाँच होती. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची आणि आणायची. सरळ पश्चिमेला जायचं, सरळ पूर्वेला यायचं. ऐकायला सोपं, पण खाडीच्या मधोमध दक्षिणेच्या अंगाला वाळूचा लांबलचक दांडा होता आणि ओहोटीला तो पाण्याखाली जेमतेम हातभर असायचा. सकाळी धुकं दाटलं की समोरचा काठ दिसायचा नाही. अशा वेळी होकायंत्रावर डोळे लावून नाकासमोर पश्चिम धरायची, एवढाच मार्ग. दिशा दाखवणारं पडद्याचं नवं यंत्र दाजींनी आणलं होतं, पण त्याने डोळे जातात म्हणून त्यावर फडकं टाकून ठेवलं होतं.

दाजी धुक्यात आरामात आरपार जायचे. चिंगी गेली आणि दांड्यावर चढली.

भरती येईपर्यंत लाँच तिथेच. चाळीसेक माणसं आत. एकाला दात काढायला जायचं होतं, तो गाल धरून अखंड शिव्या देत होता. एक बाई पिल्लांची टोपली घेऊन निघाली होती, ती पिल्लं सुटून बाकांखाली पळाली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण लाँच परत धक्क्याला लागली, तेव्हा दाजी तिथे उभे होते, आणि सगळ्या माणसांच्या देखत ते लेकीला म्हणाले, "तुझ्या हातात सुकाणू दिलं, इथेच माझं चुकलं."

चिंगीने उतारूंना हात देऊन उतरवलं. संध्याकाळी मात्र ती मामांच्या खोलीवर आली आणि बसली तशी रडायला लागली. "मामा, मी पश्चिमच धरली होती रे. शप्पथ. तबकडीवरची नजर काढली नाही. खाली इंजिनवर भोंगा होता, त्याला विचार." भोंगा म्हणजे लाँचचा इंजिनवाला. इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेल्याने त्याला हळू बोलताच येत नसे, म्हणून भोंगा. तो घरी कुजबुजला तरी शेजारी दार उघडून बघत.

"तू ज्या पेटीवर उभी राहतेस, तिला खिळे कसले?" मामांनी विचारलं. चिंगी उंचीला बेताची. समोरच्या काचेतून नीट दिसावं म्हणून ती लाकडी पेटीवर उभी राहून सुकाणू धरायची.

"तांब्याचे. तूच ठोकून दिलेस की."

"आणि केसात काही? पिना?"

"प्लॅस्टिकच्या. मामा, मी काय तुझ्याकडे पहिल्यांदा आले का?"

"मग उद्या लाँच बघतो," मामा म्हणाले. "यंत्रात खोट असेल, तर तसं सगळ्यांसमोर सांगतो. रडू नकोस."

आता हे सांगायला सोपं होतं. पण ते होकायंत्र मामांनीच लावून दिलेलं. दाजींनी लाँचचं इंजिन बदललं, त्यानंतर मामांनी ती गोल फिरवून कांड्या बसवल्या होत्या. पूर्वी एका कांडीत भागायचं, त्या खेपेला तीन लागल्या. मामांना जरा नवल वाटलं होतं. पण नवं इंजिन, नवं लोखंड, असेल बुवा, असं म्हणून त्यांनी खण बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी मामा लाँचवर गेले. चिंगीला दाजींनी तिकिटाच्या खिडकीत बसवलं होतं, म्हणून ती नव्हती. भोंगा खाली इंजिनवर, दाजी वर चालकाच्या खोलीत सुकाणूवर, मामा शेजारी होकायंत्राशी. खिसे रिकामे करून झाले. खाडी स्वच्छ होती आणि समोरच्या काठावरचं गिरणीचं धुराडं लख्ख दिसत होतं. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, सगळीकडे तोंड करून झालं. तबकडी कुठेही चुकली नाही. अर्धा अंश इकडेतिकडे, एवढं तर कुठल्याही बोटीवर असतं.

मामांनी पुन्हा एकदा फिरवलं. पुन्हा तेच.

धक्क्यावर माणसं वाटच बघत होती. तो दातवालाही होता, गालाला सूज घेऊन. "काय मामा, यंत्र बिघडलंय का?"

मामांना खोटं बोलता येत नसे. निदान होकायंत्राबद्दल तरी नाही. "यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. आणि तिकिटाच्या खिडकीकडे त्यांनी बघितलं नाही.

खिडकीत चिंगी सुटे पैसे मोजत होती. तिने मान वर केली नाही, पण तिला ऐकू गेलं होतं. त्यानंतर ती मामांकडे आली नाही. फोन केला तर "कामात आहे" म्हणायची. दाजींनी लाँचसाठी एक पगारी चालक बघायला सुरुवात केली. पोरीने चार वर्षं ज्याची वाट बघितली, ते सुकाणू आता परक्या माणसाच्या हातात जाणार, हे धक्क्यावरच्या कुत्र्यालाही कळलं होतं.

मामांना अन्न गोड लागेना. यंत्र बरोबर, आणि पोर खोटं बोलत नाही. दोन्ही एकदम खरं कसं असेल? आणि आपण, तिचा सख्खा मामा, भर धक्क्यावर उभं राहून तिच्या नावावर शिक्का मारून आलो. बहीण असती तर तिने दारात उभं केलं नसतं. शेवटी ते पुन्हा दाजींकडे गेले. "मला अजून एकदा लाँच द्या."

"आता काय राहिलंय, मेहुणे?" दाजी म्हणाले. ते मामांना हौसेने मेहुणे म्हणायचे, आणि वैतागले तरी मेहुणेच म्हणायचे. "पोरीचं मन लागलं नाही त्या दिवशी. होतं असं. एवढं उगाळायचं कशाला?"

"मला झोप येत नाही म्हणून."

"मग वैद्याकडे जा."

पण ते आले. पुन्हा खाडी, पुन्हा धुराडं. लाँच सावकाश पश्चिमेला चालली होती, धुराडं बरोब्बर नाकासमोर, तबकडीवर बरोब्बर पश्चिम. तेवढ्यात दाजींनी एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने खिडकीची चौकट घट्ट धरली. चेहरा एकदम पांढरा पडला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा धर रे. पाय अवघडला." आणि ते चौकट धरत धरत बाहेर जाऊन कठड्याला टेकले.

मामांनी सुकाणू धरलं. धुराडं नाकासमोर होतं तिथेच होतं. आणि मामांच्या डोळ्यांदेखत तबकडी सरकायला लागली. हळूच, लाजत लाजत, पण सरकली. दहा-बारा अंश गेली आणि थांबली. त्यांनी आधी स्वतःचे खिसे चाचपले. रिकामे. पेन्सिल? लाकडी. चष्मा? प्लॅस्टिकचा. धुराडं अजून तिथेच.

"दाजी, आत या बरं."

दाजी आत आले. तबकडी मुकाट्याने पश्चिमेवर.

"बाहेर जा."

"आँ?"

"बाहेर जा म्हणतो ना!"

दाजी गेले. तबकडी पुन्हा सरकली.

"आत या."

"मी काय कोंबडा आहे का आत-बाहेर करायला?" दाजी उखडले, पण आले. तबकडी परत जागेवर.

मामांनी खाली भोंग्याला इंजिन चालू ठेवून बोट थांबवायला सांगितलं. मग लांब ठेवलेल्या बॅगेतून हाताएवढं छोटं होकायंत्र काढलं आणि दाजींच्या अंगासमोरून हळूहळू फिरवायला लागले. छातीशी सुई गप्प. वरचा खिसा, गप्प. ॲल्युमिनियमची तंबाखूची डबी ट्रेमध्येच होती. पण कमरेजवळ नेलं मात्र, सुई पिसाळल्यासारखी गरगरली.

"सदरा वर करा."

"काहीतरीच काय!"

"दाजी, सदरा वर करा, नाहीतर मी भोंग्याला वर बोलावतो."

दाजींनी सदरा वर केला. आत कमरेला जाड, काळा पट्टा होता, वीतभर रुंद, करकचून आवळलेला. पाठीच्या बाजूला त्यात रुपयाएवढ्या चकत्या शिवलेल्या होत्या, एक ओळ, दोन ओळी. मामांनी हातातलं छोटं यंत्र एका चकतीपाशी नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"चुंबक," मामा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "कधीपासून?"

दाजी बाकावर बसले. बसताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मामांनी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. "जुनं इंजिन उतरवलं ना, तेव्हा हिसका बसला. पंधरा दिवस चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. मग एकाने हा पट्टा दिला. चुंबकाने आराम पडतो म्हणाला. बांधला की उभं राहता येतं, बस."

"ते आवळल्यामुळे! चुंबकाने कंबर बरी होत असती, तर माझ्या घरात सगळं गाव ओळीने झोपलं असतं!"

"ओरडू नकोस."

पण मामांचा राग दाजींवर नव्हताच. त्यांच्या डोळ्यांसमोर त्या तीन कांड्या नाचत होत्या. इंजिन बदललं आणि कंबर गेली, दोन्ही एकाच आठवड्यात. मामांनी होकायंत्र लावलं, तेव्हा दाजी हा पट्टा बांधून सुकाणूपाशी उभे होते. सुकाणू धरणारा माणूस कायम एकाच जागी, पुढे तोंड करून उभा. त्याच्या कमरेचा चुंबक म्हणजे बोटीचाच एक भाग झाला. मामांनी पट्ट्याच्या ओढीला इंजिनाची ओढ समजून समोर दोन कांड्या जास्त लावल्या. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या असल्या की दोरी हलत नाही. पण एका बाजूने दोरी सोडली तर? दुसरी बाजू धाडकन पडते. दाजी बाहेर गेले की उरायच्या फक्त कांड्या. उत्तर-दक्षिण तोंड असेल तर ही ओढ तबकडीखालच्या सुईच्या रेषेतच पडते, म्हणून काही कळत नाही. पश्चिमेला किंवा पूर्वेला तोंड केलं की तबकडी खोटं बोलते. आणि या लाँचला तिसरी दिशाच ठाऊक नव्हती.

"म्हणजे ते यंत्र..." दाजी म्हणाले.

"ते यंत्र फक्त तुमच्यापुरतं खरं होतं. दुसऱ्या कोणीही सुकाणू धरलं असतं, तरी दांड्यावरच गेलं असतं. चिंगीने डोळ्यांत तेल घालून बघितलं असतं, तरी तिला कळलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, दाजी. तुम्ही दिली, आणि दोरखंड मी वळून दिला."

दाजींनी सदरा खाली ओढला. त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आता असं कर. त्या कांड्या काढून टाक. मी हा पट्टा फेकतो आणि साध्या कापडाचा आवळतो. यंत्र सगळ्यांसाठी खरं होईल. झालं की नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि चिंगी?"

"तिला देतो की सुकाणू परत. जरा वेळ जाऊ दे. लोक विसरतात."

"ती विसरेल?"

"अरे बाबा, मला तरी समजून घे!" दाजींचा आवाज फुटला. "कंबर गेली हे कळलं की माझा परवाना गेला. मग मी काय करू? धक्क्यावर बसून माश्या मारू? तुझी बहीण गेली, तेव्हा मी चौथ्या दिवशी सुकाणूवर उभा होतो. उभं राहता येतं म्हणून जगलो मी. आणि तुझं तरी काय? 'मेहुण्याच्या कमरेला होकायंत्र लावून आला' म्हणून सगळं बंदर हसेल तुला. कोण देईल काम?"

शेवटचं वाक्य मामांना बरोबर बसलं. जन्मभर दुसऱ्यांचे खिसे रिकामे करून घेणारा माणूस सख्ख्या दाजींचा सदरा वर करायला विसरला! त्यांनी गपचूप खण उघडला आणि दोन कांड्या काढून बॅगेत टाकल्या. परत येताना भोंगा खालून ओरडून विचारत होता, "सापडलं का हो काही?" आणि दाजींनी ओरडूनच सांगितलं, "नाही!"

ते "नाही" मामांना घरापर्यंत ऐकू येत राहिलं.

एका कांडीवर होकायंत्र पुन्हा ताडून बघायलाच हवं होतं, तेही दाजी सुकाणूवर नसताना. मामा सकाळी तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "चिंगे, तासभर सुकाणू धरशील का?"

"पगारी माणूस येतोय ना उद्या? त्याला सांग."

"मला तू पाहिजेस."

"यंत्र ठीक आहे, मामा. तूच म्हणालास." तिने हे काही खोचून म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "खरं सांगू? मलाच भीती वाटते आता. मी पश्चिम धरली होती, अशी मला खातरी होती. अगदी खातरी. आणि ते चूक निघालं. मग मला आणखी कशाकशाची उगाच खातरी असेल, कोण जाणे. रस्ता ओलांडतानासुद्धा आता मी तीनदा बघते."

मामांच्या ओठांवर आलं होतं सगळं. तोंड उघडलंही. पण दाजी मागून येत होते, आणि मामांचं तोंड उघडलं तसं मिटलं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. "चल गं," एवढंच ते म्हणाले. "माझ्यासाठी चल."

ती आली. पेटी पुढे ओढून तिच्यावर उभी राहिली. सुकाणूवर हात ठेवताना तिने एकदा तळवे ओढणीला पुसले. दाजी आत न येता पुढच्या डेकवर दोरापाशी थांबले, लांब. भोंग्याने इंजिन सुरू केलं.

आधी उत्तर. मामांनी खुणा बघून आकडा सांगितला, चिंगीने तबकडीवरचा वाचला. जुळलं. मग दक्षिण. जुळलं. मग तिने सुकाणू फिरवलं आणि धुराडं हळूहळू सरकत नाकासमोर आलं.

"पश्चिम," ती म्हणाली. "बरोबर आहे का रे?"

"अगदी बरोबर," मामा म्हणाले. आणि ते खरंच तसं होतं. तबकडी देवासारखी स्थिर होती. आता इथेच सगळं मिटलं असतं. घरी ठेवलेल्या दोन कांड्या खाडीत गेल्या असत्या, चिंगीला वर्षा-दोन वर्षांनी सुकाणू मिळालं असतं, आणि त्या दिवशी आपण कुठे चुकलो, हे शोधत ती म्हातारी झाली असती.

तेवढ्यात दार उघडलं आणि दाजी आत आले. कोणी बोलावलं नव्हतं. ते आले आणि चिंगीच्या शेजारी, होकायंत्राला अगदी चिकटून उभे राहिले.

तबकडी सरकली.

"मामा!" चिंगी किंचाळलीच. "मामा, ही फिरली! मी सुकाणू हलवलं नाही, आईची शप्पथ, धुराडं बघ, तिथेच आहे ना? मी काही केलं नाही!"

मामांनी दाजींकडे बघितलं. साध्या कापडाचा पट्टा मामांनी काल रात्री स्वतः नेऊन दिला होता. तो न बांधता हे पुन्हा चुंबकाचाच बांधून आले होते. विसरून नव्हे. तोंडावरून कळत होतं.

"तू काही केलं नाहीस," दाजी म्हणाले. "त्या दिवशीही नाही. ते माझ्यामुळे होतंय." आणि त्यांनी लेकीसमोर सदरा वर केला.

इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना नीट सांगता येत नव्हतं, मध्येच अडखळत होते, इंजिन आधी की कंबर आधी यात गोंधळत होते. मामांनी मध्येच तोंड घालून आपल्या कांड्यांचं सांगितलं, कुठलीही सबब न जोडता. चिंगी ऐकत होती, पण तिची नजर धुराड्यावर होती आणि हात सुकाणूवर.

"कधी कळलं तुम्हाला हे?"

"काल."

"काल," ती म्हणाली. "आणि आज सकाळी मी खिडकीत काय बोलत होते, ते ऐकलंत ना बाबा तुम्ही? मागेच होतात."

"ऐकलं. म्हणून तर आलो."

दाजींनी खाली वाकायचा प्रयत्न केला, वाकता आलं नाही, म्हणून उभ्यानेच इंजिनखोलीच्या झडपेकडे तोंड करून ते ओरडले, "भोंग्या! ऐकलंस का रे?"

"सगळं ऐकलं!" खालून आवाज आला. "कसलं मामा बनवलंत हो मामांना!"

"मग जा धक्क्यावर आणि सांग सगळ्यांना. पोरीने पश्चिमच धरली होती म्हणावं. त्या दातवाल्याला तर घरी जाऊन सांग."

खालून खो खो हसणं ऐकू आलं. वर कोणी हसलं नाही. चिंगीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिने हात काढला नाही. मग ती म्हणाली, "बाबा, बाहेर व्हा."

दाजींनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही इथे उभे राहिलात की मला दिशा दिसत नाही. बाहेर व्हा आधी."

इतक्या वर्षांत त्या खोलीतून त्यांना बाहेर जायला कोणी सांगितलं नव्हतं. दाजी गेले. चौकट धरत, पाय ओढत, आता काही न लपवता गेले आणि पुढच्या बाकावर, उतारू बसतात तिथे, हळूहळू खाली बसले. तबकडी मागे फिरली आणि पश्चिमेवर येऊन थांबली.

लाँच सरळ चालली होती. उजवीकडचं काठावरचं झाड मागे पडलं, डावीकडे तो दांडा, लांब, जिथे असायला हवा तिथे. बऱ्याच वेळाने चिंगीने समोरून नजर न काढता उघड्या खिडकीतून विचारलं, "बाबा, फार दुखतं का हो?"

मामांना उत्तर माहीत होतं. काही नाही, जरा अवघडलंय. हेच दाजी जन्मभर सगळ्यांना सांगत आले होते.

"हो गं," दाजी म्हणाले. "फार दुखतं."

"मग आडवे व्हा," चिंगी म्हणाली. "मी नेते."